प्लंबरनं खून केला नाही

सासूबाईंनी जावयानं केलेला चहा पुढं सारला आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही घोटभर घ्या." तेव्हा कुठं प्लंबरच्या लक्षात आलं, की प्रकरण हाताबाहेर गेलंय.

झालं होतं एवढंच. महिन्याभरापूर्वी एका बंगल्यात तो गळती काढायला गेला, तर तिथं टीव्हीवरच्या गुप्तहेर मालिकेचं शूटिंग चाललं होतं. प्लंबरचं काम करणारा नट पाना उलटा धरत होता. दिग्दर्शकानं वैतागून खऱ्या प्लंबरकडं बोट दाखवलं, "याला उभा करा!" वाक्य एकच होतं, "बाई, मेन वॉल्व्ह कुठंय?" ते तो रोजच म्हणत असल्यामुळं फक्कड जमलं. मग दिग्दर्शक म्हणाला, "आता पाना पुसा आणि कॅमेऱ्याकडं बघा." त्यानं पुसला आणि बघितलं. पान्याला लागलेला गंज जरा जास्तच लाल आहे, एवढंच त्याच्या मनात आलं.

परवाच्या भागात निवृत्त मुख्याध्यापिका बाथरूममध्ये मरून पडल्या, गुप्तहेरानं गॉगल काढला आणि शेवटी पडदाभर प्लंबरचं थोबाड आलं. खाली अक्षरं, "हाच तो?"

हाच तो, हे गल्लीनं सकाळपर्यंत ठरवूनही टाकलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी दार न उघडताच सांगितलं, "सिंक तुंबलेलंच राहू दे हो. मला वास येत नाही." समोरच्या इमारतीतल्या काकांनी घरात घेतलं, पण नळ बदलून होईपर्यंत ते काठी घेऊन बाथरूमच्या दारात बसले. "पाना पिशवीतच ठेवा," त्यांनी बजावलं. "काय ते हातानं करा." दोन दिवसांत कामाचे फोन बंद झाले. जे यायचे, ते "नेमकं कुठं मारलंत?" एवढं विचारून ठेवून द्यायचे.

घरातही निभाव लागेना.

"अहो, खरं सांगा," बायको हळूच म्हणाली, "नाही ना केलात?"

"अगं, ती बाई मेल्यावर माझ्या शेजारी बसून बिस्किटं खात होती!"

"म्हणजे जीव होता तिच्यात," सासूबाई आतून कडाडल्या, "आणि हे नुसते बघत बसले!"

आता गप्प बसून भागणार नव्हतं. प्लंबरनं पिशवी उचलली आणि मालिकेच्या लेखकाचं घर गाठलं. लेखक दाढी वाढवून स्वयंपाकघरात लॅपटॉपपुढं बसला होता. सिंकखाली बादली, बादलीत टपटप.

"साहेब, मी खून केला नाही."

"ते अजून ठरायचंय," लेखक मान वर न करता म्हणाला. "मला उद्यापर्यंत खुनी द्यायचाय. तुम्ही सोयीचे आहात. चेहराच तसा आहे तुमचा."

"हा चेहरा माझ्या वडिलांचा आहे, साहेब. त्यांनी झुरळ मारलं नाही कधी."

"प्रेक्षकांना वडील दिसत नाहीत."

 प्लंबर सिंकखाली वाकला, पाइपचा गळका नट बघितला आणि दोन आटे सैल केले. पाण्याची चिळकांडी थेट लॅपटॉपच्या दिशेनं निघाली. लेखकानं किंकाळी फोडून लॅपटॉप डोक्यावर धरला. प्लंबरनं भोकावर अंगठा दाबला आणि शांतपणे विचारलं, "अंगठा काढू का ठेवू?"

"ठेवा! काय पाहिजे तुम्हाला?"

"निर्दोष सुटका."

"अहो, मग खुनी कुणाला करू? बाथरूममध्ये शिरायला कारण असलेला माणूस हवाय मला!"

प्लंबरनं क्षणभर विचार केला. "साहेब, बाथरूममध्ये गिझर कोण बसवतं?"

लेखकाचे डोळे लकाकले. लॅपटॉप डोक्यावरून मांडीवर आला. "इलेक्ट्रिशियन! बोला, पुढं बोला," तो टाइप करत म्हणाला. प्लंबर अंगठा दाबून बोलत राहिला. कुठली वायर कुठं जोडली की माणूस जाईल, हे त्याला दहा वर्षं इलेक्ट्रिशियनच्या शेजारी काम करून चांगलंच ठाऊक होतं. मग त्यानं नट आवळून दिला, इतका, की पुढं थेंबाची गळायची बिशाद नाही.

पुढच्या भागात इलेक्ट्रिशियनला बेड्या पडल्या. गुप्तहेरानं पुन्हा शूटिंगला बोलावलेल्या प्लंबरच्या खांद्यावर हात ठेवून माफी मागितली आणि ते टीव्हीवर बघून घरी तो स्वतःच रडला. दुसऱ्या दिवशी शिक्षिकाबाईंचा फोन आला, "मी पहिल्यापासून म्हणत होते, माणूस सज्जन आहे. लवकर या, वास सहन होत नाही." सासूबाईंनी दोन कप चहा एका दमात संपवला. "मला त्या गिझरवाल्याचाच संशय होता," त्या म्हणाल्या. "भिरभिरते डोळे मेल्याचे."

चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. प्लंबरनं दार जरासं उघडलं. बाहेर मागच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन उभा होता, दहा वर्षांचा दोस्त. कित्येक बाथरूममध्ये नळ याचे आणि दिवे त्याचे. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"लेका, चार दिवस कुणी दारात उभं करत नाही," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "बायको माझ्यादेखत बटण दाबत नाही. तुझी त्या लेखकाशी ओळख आहे ना? माझ्यासाठी एक शब्द टाक."

 आपणच केलं हे, प्लंबरला वाटलं. याला आत बोलवावं, पाणी द्यावं, सगळं कबूल करावं. त्याचा हात दाराच्या साखळीकडं गेला.

"उघड ना," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"उघडतो की," प्लंबर म्हणाला. साखळी अजून अडकवलेलीच होती. "हातात काय आहे तुझ्या?"

"टेस्टर आहे, दुसरं काय?"

"मग तो आधी खाली ठेव," प्लंबर म्हणाला, "आणि दोन पावलं मागं सरक."