फुकटात बरी झालेली बाई

केसरबाईचा ताप गावच्या उपकेंद्रातल्या फुकट गोळ्यांनी उतरला आणि घरावर संकट कोसळलं.

कारण तापाची बातमी माजरीला पोचली होती. तिथे खाणीत नोकरीला असलेला तिचा दीर पोचू जीपभर सोयरे घेऊन निघालाही होता. भेटायला माणसं यावीत आणि आजारी माणूस घरात नसावं, म्हणजे वऱ्हाड दारात आणि नवरी शेतात निंदायला! केसरबाई तर टोपली घेऊन निघालीच होती. रानात मोहाची फुलं पडत होती. हा हंगाम हुकला की वर्ष गेलं. यंदाच्या मोहफुलांच्या पैशांवर तिला चष्मा घ्यायचा होता. हल्ली फूल कुठलं नि वाळकं पान कुठलं, हे तिला हाताने चाचपून ठरवावं लागे.

नवरा, सोमाजी, दारात आडवा आला.

"कुठी चालली? लेट."

"मले आता काई नाई झालं."

"तेच तर! लोकाईले काय सांगू? फुकटच्या गोळीनं बरी झाली म्हणून?"

केसरबाई लेटली. या बाबतीत गावाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. उपकेंद्रात बरा झाला तो मुळात आजारीच नव्हता, असं समजण्यात येई. गडचिरोलीला बरा झाला तर लोक नुसती मान डोलवत. चंद्रपुरात सलाईन लागली तर चावडीवर बसायला जागा देत. आणि नागपूरला, काचेच्या खोलीत, नाकात नळी? अशा घरच्या पोरींना स्थळं चालून येत.

जीप आली. प्रत्येकाने उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवला. रिवाजाप्रमाणे बकरी कापण्यात आली. पोचू खाटेच्या काठावर टेकला.

"वयनी, कुठी दाखवलं?"

'कशी आहेस' हा प्रश्न शिष्टाचारात बसत नव्हता.

"इथीच... सिस्टरकडे," सोमाजी खाली मान घालून पुटपुटला.

पंगतीतले घास थांबले.

"भाऊ, एकुलती एक वयनी हाये मले. पैशाकडे पाह्यता?" पोचूचे डोळे भरून आले. रस्सा तिखट होता. दुसरी वाढ घेता घेता सर्वानुमते ठराव झाला: चंद्रपूर.

उपकेंद्राची सिस्टर रीता धावत आली. "सोमाजीभाऊ, ताप नाई, नाडी बराबर हाये. कायले नेता?"

"फुकटवाल्याईनं मधात बोलू नाई," पोचूने जीप चालू केली.

चंद्रपुरात काहीच सापडलं नाही. त्यावरून दोन निष्कर्ष निघाले: आजार मोठा आहे आणि दवाखाना लहान. जीप नागपूरला वळली.

नागपुरात केसरबाईचं रक्त, काळीज, मणके, सगळं तपासण्यात आलं. "डाक्टरसायेब, मले अंधुक दिसते," ती दर सकाळी सांगे.

"आधी जीव वाचवू, बाई. डोळे या पॅकेजमध्ये नाहीत."

"माह्या मोह पडून राह्यला जी तिकडं."

"रुग्ण असंबद्ध बोलते," डॉक्टरांनी नोंद केली आणि मेंदूची तपासणी वाढवली.

शेवटी काचेच्या खोलीतल्या गारव्याने तिला खरोखरच ताप भरला. सोमाजीने माजरीला परतलेल्या पोचूला फोन लावला. "सापडला! पोचू, सापडला एकदाचा!" तिकडे पेढे वाटले गेले. इकडे उपचार सुरू झाला: तीच गोळी, चकचकीत वेष्टनात. ताप उतरला. बिल भरायला बकऱ्यांचा अख्खा कोठा विकावा लागला. पाहुण्यांनी न खाल्लेल्या बकऱ्या दवाखान्याने खाल्ल्या.

गावात केसरबाईचं स्वागत झालं. ज्या बाया आजवर तिला टोपली उचलू लागल्या नव्हत्या, त्या नाकावरची नळीची खूण बघायला रांगेत उभ्या राहिल्या. मोह मात्र संपला होता. झाडाखालची फुलं डुकरांनी खाल्ली होती आणि चष्मा पुढच्या हंगामावर गेला होता.

संध्याकाळी ती अंगणात खाटेवर बसली होती. रस्त्याने कुणीतरी येत होतं. माणूस की म्हैस, तिला कळेना. आकृती जवळ आली. नीट इस्त्रीचे कपडे सळसळले, उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवला गेला, आणि अत्यंत शुद्ध मराठीत, मोठ्या आपुलकीने प्रश्न आला, "कोणत्या हॉस्पिटलला दाखवलंत?"

चेहरा दिसला नाही, पण माणूस तिने तत्काळ ओळखला.

"या, बसा," वाचकहो, केसरबाई तुम्हालाच म्हणाली. "तुमीच तेवढे राह्यले होते. बकरी मात्र आता नाई."