छपरावरचा दात

गोष्ट वाचून दाखवताना हारिमचा पाय सारखा हलत होता. कोरियातल्या कुन्सानच्या वाचनालयातला हा तिचा पहिलाच वर्ग. तो रंगला तरच वाचनालयप्रमुख पेकसाहेब तिला वर्षभराचे शनिवार देणार होते. मुलांसाठी सात पुस्तकं लिहून झाली, तरी 'मेक्सिकोत वाढलेली ती, तिला आपलं काय कळणार' हे लोकांचे शब्द काही तिची पाठ सोडत नव्हते.

तेवढ्यात सात वर्षांच्या बोमचा दात पडला.

"उशीखाली ठेव हं," हारिम बोलून गेली. "रात्री उंदीर येऊन घेऊन जाईल."

"उंदीर? माझ्या उशीत?" बोमनं भोकाड पसरलं. बाकीच्या अकरा जणांनीही सूर लावला.

"बाई, दात छपरावर टाकतात!" चष्मेवाली एक मुलगी म्हणाली. "काची पक्षी तो नेतो आणि नवा देतो. एवढंही माहीत नाही?"

माहीत होतं हो! पण लहानपण मेक्सिकोत गेलेलं, तोंडातून आधी उंदीरच निघणार. हारिमनं सगळी वरात अंगणात आणली आणि दात भिरकावला.

"वर वाजलाच नाही!"

"हरवला!"

बोमचा गळा पुन्हा सुरू. बारा मुलं आणि एक लेखिका खडीत रांगू लागली.

"काय चाललंय काय? हा वर्ग आहे की—" पेकसाहेब पायरीवरून गरजले आणि एकदम गप्प झाले. तोंडावर हात. संतापानं वाचाच बसली म्हणायची! गेले आपले शनिवार, असं वाटून हारिम आणखी जोरात खडी उपसू लागली.

इतक्यात पायरीखाली तिला दात सापडला. मघापेक्षा जरा मोठा वाटला; पण घाबरलेल्या माणसाला सगळंच मोठं दिसतं. तिनं हात उगारला, तसे पेकसाहेब "उं! उं!" करत मोकळा हात जोरजोरात हलवू लागले. साहेबही सामील झाले म्हणताना तिला हुरूप आला. तिनं जीव खाऊन दात फेकला. टक्क!

मुलांनी टाळ्या पिटत काचीकडे नवा दात मागितला. बोम मात्र हारिमच्या स्वेटरची दुमडलेली बाही चाचपत होती.

"बाई, माझा दात तर इथंच अडकलाय."

सगळ्यांच्या माना पेकसाहेबांकडे वळल्या. त्यांनी नाइलाजानं तोंडावरचा हात काढला. समोरचा, नुकताच बसवून घेतलेला दात गायब!

"अय्या, आजोबा, तुमचापण पडला?" बोमचं रडू कुठल्या कुठे पळालं. "घाबरू नका हं."

बारा मुलं पुन्हा छपराकडे बघून ओरडली, या वेळी साहेबांसाठी. हारिमही ओरडली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

पेकसाहेबांनी खिशातून वही काढली, काहीतरी खरडलं आणि पान तिच्या हातात दिलं.

'वर्ग पक्का. आधी शिडी आणा.'