आसन, एका व्यक्तीसाठी

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी वारसा संचालनालयाचा माणूस तिच्या शवपेटीला पितळी पट्टी ठोकायला आला होता. शवपेटी आईनेच केलेली होती आणि तेव्हा रिकामी होती.

आमच्या ओआहाका राज्यात ताडाच्या पात्यांच्या चटईला पेताते म्हणतात. माणूस मेला असं तोंडावर म्हणायचं नसेल तर 'तो चटईत गेला' म्हणायचं, कारण पूर्वी गरिबाला लाकूड परवडत नसे, चटईतच गुंडाळून पुरत. माझी आई, ओतिलिया मोंतान्यो, इंडस्ट्रियल डिझायनर होती. ऐन उमेदीची वर्षं तिने कारखान्यांना प्लास्टिकच्या बादल्या काढून देण्यात घालवली. मग एक दिवस बादल्यांचा कंटाळा आला आणि ती मिश्तेकाच्या डोंगरात चटया विणणाऱ्या बायकांकडे गेली. तेव्हापासून आमच्या घरात काळ्या मातीचा लाउडस्पीकर, ताडाचे दिवे, ताडाच्या खुर्च्या असं काहीबाही जन्माला येऊ लागलं. संग्रहालयं ते घेऊन जाऊ लागली. 'चटईत जाणे' हे शब्द तिने फारच मनावर घेतले. तिने अशी चटई केली की लाकडी चौकटीवर पसरली तर खाट वाटावी आणि दोन दोऱ्या ओढल्या की कडा उठून वर मिटाव्यात आणि शवपेटी व्हावी. मधून कोचिनील किड्यांच्या लाल रंगाचा पट्टा जाई.

ती तिने राष्ट्रीय डिझाइन स्पर्धेला पाठवली. स्पर्धेत दिवा, भांडं, आसन आणि खेळणं असे विभाग होते. शवपेटीचा विभाग नव्हता. आईने थोडा विचार केला आणि नाव लिहिलं, 'आसन, एका व्यक्तीसाठी'. परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं आणि 'निवांतपणाचा मूलगामी पुनर्विचार' असा शेरा मारला. समारंभात खात्याच्या सचिवांच्या पत्नी फोटोपुरत्या चटईवर आडव्या झाल्या, त्या भाषणं संपेपर्यंत उठल्या नाहीत. आईला हा अभिप्राय शेऱ्याहून मोलाचा वाटला.

बक्षिसामुळे ती राज्याच्या वारशात नोंदली गेली, तर त्या नोंदीची पट्टी ठोकायला आलेले गृहस्थ म्हणजे लिसेन्सियादो उर्रुतिया. पदवी असलेल्या आणि नसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आमच्याकडे लिसेन्सियादो म्हणतात, त्यामुळे चौकशी करावी लागत नाही. अंगणात ती वस्तू जिने विणली ती दोन्या एउफ्रासियाही बसली होती; दोन्या म्हणजे बाई, मानाने म्हणायचं. माझ्या बाप्तिस्म्याला मला हातात धरणारी माझी धर्ममाता तीच, म्हणून माझ्यावर ओरडायचा तिला कायमचा हक्क.

"साहेब, हळू ठोका," ती म्हणाली. "चटई आहे ती, तुमच्या हापिसातली खुर्ची नाही."

"नियमाप्रमाणे चार खिळे लागतात."

"दोन मारा आणि दोन खिशात टाका. रस्त्यांचं तसंच करता ना?"

उर्रुतियांनी चारही मारले आणि कपाळ पुसून आईकडे वळले. "दोन्या ओतिलिया, अभिनंदन. आजपासून ही वस्तू तुमची राहिली नाही. आता ती सगळ्यांची आहे."

"सगळे एकदम मावणार नाहीत," आई म्हणाली.

मग आम्ही घेवड्याची उसळ आणि तोर्तिया खाल्ल्या. चीज खारट आहे यावरून आईने दुकानदाराला, दुकानदाराच्या बायकोला आणि सरतेशेवटी गाईला नावं ठेवली. दोन्या एउफ्रासियाने तिला आठवण करून दिली की ते शेळीच्या दुधाचं आहे. "मग शेळीला सांग," आई म्हणाली, आणि झोपायला गेली. इतका साधा दिवस होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफीखालची चूल सारखी करायला वाकली आणि पुन्हा उठली नाही.

तिला कशात ठेवायचं याबद्दल घरात चर्चा झाली नाही. तिने आपली इच्छा मला, शेजाऱ्यांना आणि नळ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसालाही सांगून ठेवली होती. आम्ही तिला तिच्या चटईत ठेवलं, उशाला मेणबत्त्या लावल्या, निशिगंध ठेवला. शेजारणींनी गोड पाव आणले आणि जपमाळ सुरू झाली.

दुपारी उर्रुतिया पुष्पचक्र घेऊन आले. टोपी काढली, छातीवर क्रूस काढला, आणि बराच वेळ खाली वाकले. मला वाटलं आईच्या हाताचं चुंबन घेतायत. ते पट्टीवरचा क्रमांक तपासत होते.

"सेन्योरिता," त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "फार मोठी हानी झाली. एक बारीकशी अडचण आहे. तुमच्या आई राज्याच्या वारशावर झोपल्या आहेत."

"तो वारसा तिनेच केलाय."

"त्याचंच वाईट वाटतं. निर्मात्यांना हात लावायची सक्त मनाई आहे. सगळ्यात जास्त फेरफार तेच करतात."

नियम त्यांना पाठ होते. वस्तूला ओल लागता कामा नये. अंधारात ठेवता कामा नये. कीड, माती आणि वजन यांपासून जपायचं.

"पुरू नये असं कुठे म्हटलंय का?" मी विचारलं.

"नाही. नियम करणाऱ्यांना इतकं भयंकर काही सुचलं नव्हतं."

जाता जाता त्यांनी गाडीतून दोन पितळी खांब आणि लाल दोरी काढून आईभोवती लावली. बायका दोरीबाहेरून जपमाळ ओढू लागल्या. ओलीचा नियम असल्यामुळे रडणाऱ्यांनी हातभर मागे सरकावं, अशी त्यांनी नम्र विनंती केली. माझी मामी, जी अजून रडली नव्हती, तिला पुढे जागा मिळाली.

दोन्या एउफ्रासिया मात्र दोरी उचलून आत गेली आणि आईच्या पायाशी स्टुल टाकून बसली.

"बाई, दोरीच्या आत बसता येत नाही," उर्रुतिया म्हणाले.

"ही विणताना मी पाऊसकाळभर हिच्या आत बसले होते. तेव्हा कुठे होता तुम्ही?" मग तिचा आवाज जरा उतरला. "हे बघा साहेब, तुम्हाला तुमची वस्तू हवी ना? घेऊन जा. मी आणि माझ्या सुना मिळून दुसरी विणतो. वीण आता हातात बसली आहे, रात्रभर बसलो तर उद्यापर्यंत होईल. ओतिलिया त्यात जाईल."

उर्रुतियांचा चेहरा खरोखर दुःखी झाला. "ही 'एकमेव' म्हणून नोंदलेली आहे. दुसरी झाली तर ती नक्कल. वारशाची नक्कल म्हणजे गुन्हा."

"अहो, पण विणली मीच आहे."

"तेच तर सांगतोय. मूळ वस्तू तुम्ही फार जवळून पाहिलेली आहे. कोर्टात हे तुमच्याच अंगावर येईल."

"म्हणजे मी माझ्याच हातांची चोरी केली म्हणून आत जाणार?"

"कायदा हातांकडे बघत नाही, बाई."

"ते दिसतंच आहे," दोन्या एउफ्रासिया म्हणाली.

मी म्हटलं, ठीक, बाजारातली साधी चटई आणते. आईला उचलून त्यात ठेवू, ही तुम्ही न्या. हे सांगताना माझा आवाज कसा होता ते मला माहीत नाही. दोन्या एउफ्रासियाने माझ्याकडे पाहिलं नाही. उर्रुतियांनी पुन्हा मान हलवली. वारशाच्या वस्तूवरून काहीही उचलायचं तर ते प्रशिक्षित हाताळणी पथकच उचलणार, आणि पथक सोमवारपर्यंत एका परिसंवादाला गेलेलं होतं. परिसंवादाचा विषय तातडीची हाताळणी हा होता. इकडे आरोग्य खात्याचा नियम असा की मृतदेह दोन दिवसांच्या आत जमिनीत गेला पाहिजे. म्हणजे आईला उचलता येत नव्हतं, ठेवता येत नव्हतं आणि पुरता येत नव्हतं. ती मात्र शांत पडून होती. हयातीत एवढा वेळ कुठल्या अधिकाऱ्यासमोर ती गप्प बसली नसती.

उर्रुतिया दुष्ट नव्हते. त्यांनी आपणहून कब्रस्तानाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. पलीकडून काय आलं ते त्यांनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. वस्तूची नोंद 'आसन' अशी आहे आणि कब्रस्तान फर्निचर पुरत नाही. मागे एका कुटुंबाला आजोबांबरोबर पियानो पुरायचा होता, त्यांनाही नाही म्हटलं होतं. एकाला आसन दिलं तर उद्या लोक जेवणाचं टेबल घेऊन येतील.

ते खिन्न होऊन पाव खात बसले. दुसरा पाव खाताना त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"प्रदर्शन," ते म्हणाले.

वारशाची वस्तू पुरता येत नाही, पण उसनी देता येते. तात्पुरत्या प्रदर्शनासाठी, सहा महिने, कुठल्याही मान्यताप्राप्त स्थळी. कब्रस्तानाला स्थळ म्हणून मान्यता द्यायचा अधिकार त्यांनाच होता आणि तो त्यांनी तिथल्या तिथे वापरला. अंधार चालत नाही, मात्र प्रदर्शनात मंद प्रकाशयोजना चालते. मंद म्हणजे किती मंद, हे नियमात नव्हतं. ओलीबद्दल 'आर्द्रता स्थिर' असं लिहिता आलं असतं, आणि ती तशी स्थिर असतेही. वजनाचा प्रश्न माती ही 'मांडणीचा भाग' ठरवल्यावर सुटला.

"आणि आई?" मी विचारलं.

"त्या मांडणीतच येतात. शिवाय त्याच उसनवार घेणाऱ्या. तुम्ही त्यांच्या वतीने सही करा."

त्यांनी तिथेच मांडीवर माहितीफलकाचा मजकूर तयार केला आणि वाचून दाखवला. "आसन, एका व्यक्तीसाठी. साहित्य: ताडाच्या पात्या, लाकूड, कोचिनीलचा लाल रंग, निर्माती."

"माझं नाव कुठाय?" दोन्या एउफ्रासियाने विचारलं.

"तुम्ही 'स्थानिक हात' यात येता."

"दोन्ही हात, की एकच?"

"नाव द्यायचं तर वेगळी प्रक्रिया आहे, बाई."

"ओतिलियाला बरं साहित्यात घेतलंत. मीही आत जाऊन झोपते, म्हणजे माझं नाव येईल."

"तुमचं नाही येणार," उर्रुतिया प्रामाणिकपणे म्हणाले. "फक्त 'हात' अनेकवचनी होतील."

सहा महिन्यांनी काय, हे मी विचारलं. समिती येईल, वर काढून पाहील, स्थिती उत्तम असेल तर मुदत वाढवून मिळेल, असं ते म्हणाले. आणि उत्तम नसेल तर? त्यांनी टोपी हातात फिरवली. "मग वस्तू जमा करून घ्यावी लागेल, आणि उसनवार घेणाऱ्या व्यक्तीकडून खुलासा मागवावा लागेल."

"तो ती देईल," दोन्या एउफ्रासिया म्हणाली. "वाट बघायची तयारी ठेवा."

मी सही केली. मला तिला तिच्या चटईत जमिनीत न्यायचं होतं. त्यापुढचं सहा महिन्यांनी बघता आलं असतं.

अंत्यविधीला, म्हणजे उद्घाटनाला, राजधानीहून विमानाने लोक आले. संग्राहक, समीक्षक, आईच्या वस्तू विकत घेतलेली कुटुंबं. आमच्या गल्लीचा बँड होता, त्यातला ट्यूबावाला आईचा लाडका. खड्ड्याभोवती लाल दोरी होती. मेस्कालचे पेले फिरत होते. सचिव 'परंपरा आणि प्रयोग यांच्या संवादा'वर बोलले. एका समीक्षकांनी दृश्याच्या अनुपस्थितीतून साकारणाऱ्या दृश्याचं कौतुक केलं आणि आपण इतकं धाडसी प्रदर्शन युरोपातही पाहिलं नसल्याचं सांगितलं. पुष्कळांनी माना हलवल्या. काही जण डोळे पुसत होते, दोरीपासून हातभर मागे. चटईच्या कडा मिटलेल्या होत्या, लाल पट्टा तेवढा वर दिसत होता. दोरखंडांवरून ती खाली गेली तेव्हा टाळ्या वाजल्या.

मग उर्रुतियांनी माझ्या हातात कात्री दिली. फीत कापून प्रदर्शन खुलं झाल्याचं जाहीर करायचं होतं, आणि मुलगी म्हणून दोन शब्द.

मी म्हटलं, "ज्यांच्या घरी माझ्या आईने केलेली खुर्ची आहे, त्यांनी हात वर करावा."

बरेच हात वर आले. काहींच्या हातात पेले होते, ते पेल्यांसकट.

"जे त्या खुर्चीवर बसतात त्यांनीच हात वर ठेवावा."

हात उतरू लागले. कुणी उतरता उतरता केस सारखे केले, कुणी चष्मा. सचिवांनी घड्याळ पाहिलं. उर्रुतियांनी आपल्या हाताने कपाळ पुसलं. हे वाचताना ज्यांना आपल्याही घरात कुणाच्या तरी हातचं, भिंतीवर टांगलेलं किंवा काचेआड ठेवलेलं, पाहुण्यांना लांबून दाखवलं जाणारं काही आठवत असेल, त्यांनीही हात खाली घ्यायला हरकत नाही. कुणी पाहत नाही.

ट्यूबावाला थांबला होता. मी दोरी ओलांडून कडेला गुडघ्यांवर बसले. "सेन्योरिता, दोरीच्या आत..." असं उर्रुतिया मागून म्हणाले, पण दोन्या एउफ्रासियाने त्यांचा कोट धरला असावा, कारण वाक्य तिथेच राहिलं. मी मूठभर माती घेतली. मांडणीचा भाग. ती सोडली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आई, तुझ्या खुर्च्या टोचायच्या. उठल्यावर पाठीवर वीण उमटलेली असायची. तुला कुणी सांगितलं नाही, कारण कुणी बसलंच नाही. मी बसायचे. रोज. त्या तू केल्या होत्यास म्हणून."