आधी तो माणूस जिवंत करा

थोरलीनं खडू उचलला आणि फळ्यावर आणखी एका माणसाचा जीव घेतला. नोकरभरतीची परीक्षा तोंडावर आली होती, आणि इंग्रजीची वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून काढली की डोक्यात पक्की बसतात, असा तिचा अनुभव. तिच्याकडे वही नव्हती असं नाही. पण वडिलांच्या दुकानातला काळा फळा एवढा ऐसपैस, की त्यावर चूकसुद्धा रुबाबदार दिसायची.

वडील बोर्ड रंगवायचे. सगळी गल्ली त्यांना पेंटरकाका म्हणे. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, पण अक्षर काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून बापलेकीची पद्धत ठरून गेलेली : गिऱ्हाइकानं मजकूर सांगायचा, थोरलीनं तो फळ्यावर खडूनं लिहायचा, आणि फळ्यावर असेल ते पेंटरकाकांनी अक्षराला अक्षर लावून बोर्डावर उतरवायचं. एक टिंब इकडचं तिकडे व्हायचं नाही. फळ्यावर आलं ते देवानंच लिहून धाडलं, इतका त्यांचा त्यावर विश्वास.

फ्लेक्स छापणारी मशिनं आल्यापासून मात्र कामं आटली होती. अशात कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीत दवाखाना उघडणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हाताचा बोर्ड सांगितला. हा बोर्ड बघून इमारतीतले बाकीचे दुकानदार आपापलं ठरवणार होते. "हे काम फसलं ना, तर ब्रश धुऊन ठेवतो आणि फ्लेक्सवाल्याकडे चौकटी ठोकायला जातो," असं पेंटरकाकांनी जेवताना जाहीर केलं होतं.

आता गंमत बघा. डॉक्टरीणबाईंचं नाव, पदवी, वेळ, सगळं थोरलीनं फळ्याच्या पुढच्या बाजूला लिहिलं. संध्याकाळी अभ्यासासाठी फळा उलटा केला, मागच्या बाजूला वाक्यं घोटली, शेवटचं एक ठेवून बाकीची पुसली, आणि फळा सुलटा करायचा राहिला. दुसऱ्या दिवशी ती वाचनालयातून परतली, तेव्हा पेंटरकाका दारात हात पुसत उभे होते. चेहरा असा, की नातू झालाय.

"लावून आलो बोर्ड! वर कापड टाकलंय. पाच वाजता डॉक्टरीणबाईंचे सासरे ओढणार. काय अक्षर उतरलंय म्हणून सांगू!"

"नाव कुठल्या रंगात काढलंत, बाबा?"

"नाव कुठलं ते मला काय कळतंय? पण मधोमध एक शब्द होता बघ. दोन्ही टोकांना सारखंच अक्षर, मध्ये दोन बारीक. असा तोलदार शब्द रोज मिळत नाही. त्याला लाल रंग दिला आणि सोनेरी किनार."

थोरलीनं फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.

ती खाली बसली, उठली, पुन्हा बसली.

"बाबा, हा डॉक्टरांचा मजकूर नाही हो. 'डॉक्टर येण्यापूर्वीच रुग्ण मेला होता,' असं आहे हे!"

पेंटरकाकांच्या हातातलं फडकं गळून पडलं. "अरे देवा! कोण मेलं?"

"कुणी नाही. वाक्य आहे ते."

"अगं पण मेला तर आहे ना? घरच्यांना कळवलं का?"

"बाबा, तो पुस्तकातला माणूस आहे! परीक्षेसाठी घोकायचा असतो."

"मेलेला माणूस घोकायचा असतो?" पेंटरकाकांचा आ वासलेला मिटेना. "आणि बाकीची वाक्यं?"

"पोलीस यायच्या आत चोर पळालेला असतो. आम्ही स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटलेली असते."

"म्हणजे वेळेवर कुणीच पोचत नाही? आणि असलं शिकून सरकारी नोकरी लागते?" त्यांनी पडलेलं फडकं उचललं. "हां, लागत असेल."

पण हे बोलायची वेळ नव्हती. पाच वाजत आले होते. शिडी, रंगाचे डबे, घासलेटाचा बोळा घेऊन बापलेक पळत सुटले.

दवाखान्यासमोर बरीच माणसं जमली होती. डॉक्टरीणबाईंचे सासरे निवृत्त हेडमास्तर. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं. हातात कापडाची दोरी आणि भाषण रंगात आलेलं. थोरली गर्दीतून दोन्ही हात हलवत ओरडली, "सर, थांबा! ओढू नका!"

हेडमास्तरांना वाटलं, मुलगी उत्साहात आहे. त्यांनी तिला हात केला आणि त्याच हातातली दोरी ओढली गेली.

अक्षर खरंच सुरेख होतं. उतरत्या उन्हात तो लाल शब्द सोनेरी किनारीसह नुसता झळकत होता. हेडमास्तरांनी सवयीनं वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, आणि सवयीनंच लोकांकडे वळून मराठीत अर्थही सांगितला.

टाळीसाठी उचललेले हात वरच्या वर राहिले. पहिला नंबर लागावा म्हणून दुपारपासून पायरीवर बसलेले खोकलेकर आजोबा खोकायचे थांबले. कुणीतरी आपल्या तापाच्या मुलाला उचलून हळूच मागं नेलं. डॉक्टरीणबाई पांढऱ्या कोटात होत्या. आता चेहराही कोटाच्या रंगाचा झाला.

"काका," त्यांनी बोर्डाकडे बोट केलं, "हे काय लिहिलंत?"

"फळ्यावर होतं ते, बाई," पेंटरकाका मान खाली घालून म्हणाले.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, फ्लेक्स करा," शेजारच्या गाळ्यातला चष्मेवाला पुढं सरसावला. "मशीन कधी माणूस मारत नाही."

थोरली रडकुंडीला आली. "चूक माझी आहे, मॅडम. बाबांची नाही. आम्ही बोर्ड खाली घेतो, रात्रीतून नवा करतो."

"नवा उद्या! आत्ता सगळे बघतायत," डॉक्टरीणबाई दातओठ खात पुटपुटल्या. "आधी तो माणूस जिवंत करा. बाकी उद्या बघू. नाहीतर मी फ्लेक्सवाल्याला फोन लावते."

पेंटरकाका शिडीवर चढले. रंग अजून ओलसर होता. घासलेटाच्या बोळ्यानं त्यांनी तो तोलदार शब्द पुसला. जागा व्हावी म्हणून त्याच्या आधीचा 'हॅड'ही पुसला. पुसताना त्यांना फार वाईट वाटलं.

"सांग पोरी, इथं काय घालू? जागा थोडी आहे. लवकर सांग."

गर्दी वर बघतेय, हेडमास्तर चष्मा काढून तिच्याकडे बघतायत. अशी परीक्षा कुठल्या भरतीत झाली नसेल. पाठ केलेले सगळे शब्द थोरलीला सोडून गेले, एकच उरला. तिनं तो जमिनीवर खडूनं लिहिला : रिकव्हर्ड. पेंटरकाकांनी खाली बघत, वर काढत, अक्षरं जरा खेटून बसवली. या खेपेला हिरव्या रंगात.

हेडमास्तरांनी पुन्हा खणखणीत वाचलं. "डॉक्टर येण्यापूर्वीच रुग्ण बरा झाला!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आजोबा मोकळेपणानं खोकले. डॉक्टरीणबाईंनी घाम पुसला आणि आत खुर्चीवर जाऊन बसल्या.

बसल्या त्या बसल्याच. आत कुणी येईना. टेबलावरची घंटा त्यांनी वाजवून पाहिली. शेवटी बाहेर आल्या तर काय! पायरीवर, कट्ट्यावर, रस्त्याच्या कडेला माणसं ओळीनं बसलेली, आणि सगळ्यांची तोंडं बोर्डाकडे.

"अहो आजोबा, आत या ना. पहिला नंबर तुमचा आहे."

"घाई नाही, बाई," आजोबा हात जोडून म्हणाले. "तुम्ही तुमच्या सावकाश या. तुम्ही यायच्या आत बरं वाटतं म्हणून लिहिलंय ना, म्हणून बसलोय. मघापासून खोकला खरंच कमी आहे."

डॉक्टरीणबाईंना हसावं की रडावं कळेना. त्या आजोबांशेजारी पायरीवरच बसल्या आणि त्यांची नाडी तिथंच हातात घेतली.

शिडीशी उभ्या असलेल्या पेंटरकाकांच्या खांद्याला कुणाचा तरी हात लागला. चष्मेवाला. आवाज एकदम खाली आलेला.

"काका, माझ्या दुकानाबाहेर एवढी माणसं जन्मात कधी बसली नाहीत. मलाही हाताचाच बोर्ड पाहिजे. आणि मजकूर तुमच्या पोरीलाच लिहू दे. पुस्तकातला."

पेंटरकाकांनी ब्रश झटकला, ताठ उभे राहिले आणि थोरलीकडे वळले. "काय गं, तुझ्या त्या पुस्तकात चष्मा लागलेलं कुणी आहे का?"

थोरलीनं पिशवीतून पुस्तक काढलं, पानं चाळली.

"एक आहे, बाबा," ती म्हणाली. "पण तो विहिरीत पडतो."