बाकावरचा वकील

निर्णय दोन प्रकारचे असतात: घेतलेले, आणि आमच्या जावयावर सोपवलेले. दुसऱ्या प्रकाराला अंत नसतो. ही तक्रार नाही, नोंद आहे. (तक्रार करायची असती तर मी इतक्या हळू आवाजात लिहिलं नसतं.)

जावयाला या देशात कायम राहण्याचा परवाना हवा होता. माझ्या मुलीकडे तो आहे, आणि तिचा नवरा म्हणून त्यालाही मिळू शकतो. मात्र लग्न खरं आहे याची आधी कार्यालयाला खात्री पटावी लागते. त्यासाठी मुलाखत असते. नापास झाला तर तीस दिवसांत बॅग भरायची. (कुठली बॅग, हे ठरवण्यातच तीस दिवस गेले असते, ते सोडा.)

बोलावण्याच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: 'अर्जदाराने इच्छा असल्यास वकील सोबत आणावा.' इच्छा असल्यास! सरकारनं हुकूम करावा, माणूस पाळतो. सरकार इच्छा विचारायला लागलं की घरं बसतात.

वकील नेला तर साहेबाला वाटणार, यांच्या पोटात पाप आहे. नाही नेला तर वाटणार, यांना साहेबाची किंमत नाही. जावयानं कागदाच्या मधोमध रेघ ओढली, एकीकडे 'न्यावा', दुसरीकडे 'नेऊ नये' असं लिहिलं आणि सर्वेक्षण सुरू केलं. अकरा जणांना विचारलं. चौघे न्या म्हणाले, चौघे नको म्हणाले, तिघांनी स्वतःच्या मुलाखतीची गोष्ट सांगितली आणि प्रश्न काय होता ते विसरले. न्हावी वकिलासकट गेला होता, पास झाला. गाड्या दुरुस्त करणारा एकटा गेला होता, तोही पास झाला. दोघांच्या अंगात पांढरा शर्ट होता. जावयानं पांढरा शर्ट आणला. (आठवड्याची एकूण प्रगती.)

शेवटी त्यानं खुद्द वकिलालाच विचारलं. वकील म्हणाला, "निर्णय तुमचा. आत मला उत्तरं देता येत नाहीत. मी शेजारी बसतो."

"गप्प?" मी विचारलं.

"बहुतेक वेळ."

एवढ्याच कामाला बाहेरचा माणूस कशाला? आमचे हे आहेत की घरात, चाळीस वर्षांचा अनुभव. ह्यांनी यावर काही मत दिलं नाही. (अनुभव म्हणतात तो हाच.)

दरम्यान तयारीचं खातं माझ्याकडे आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी साहेब होऊन बसले. पहिली भेट कुठे? मुलगी म्हणाली, दाताच्या दवाखान्यात. जावई म्हणाला, दवाखान्याच्या जिन्यात. सकाळचा चहा कोण करतं? दोघंही म्हणाली, मी. घोरतं कोण? इथे कामकाज तहकूब करावं लागलं. मग मी बेचाळीस प्रश्नांची एकच उत्तरपत्रिका केली आणि दोघांकडून घोकून घेतली. माझं शिक्षण काढणाऱ्यांना मी ती आजही दाखवते.

मुलाखतीच्या सकाळी जावयानं मधला मार्ग काढला. वकील इमारतीत न्यायचा, खोलीत न्यायचा नाही. म्हणजे नेलाही आणि नाहीही. त्यामुळे दाराबाहेरच्या बाकावर मी, हे आणि वकील असे तिघं ओळीनं बसलो. दार पातळ होतं. सरकारी दारं बाहेरच्यांच्या सोयीसाठीच केलेली असतात.

साहेबानं आधी एकेकाला विचारलं, मग दोघांना समोर बसवलं. एकतीस प्रश्न, एकतीस उत्तरं, शब्दाला शब्द जुळलेला. मी ह्यांच्याकडे मान ताठ करून बघितलं. तेवढ्यात आत पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वीस वर्षं हे काम करतोय," साहेब म्हणाला. "इतकं पटणारं जोडपं मी पाहिलेलं नाही. हे लग्न मला खोटं वाटतंय."

मी ताठ मान खाली घातली. उत्तरपत्रिका माझी होती.

"वकील आणलाय?" साहेबानं विचारलं. हा प्रश्न माझ्या बेचाळिसात नव्हता.

"नाही," जावई म्हणाला.

"हो," मुलगी त्याच क्षणी म्हणाली. "बाहेर बसलाय."

"बाहेर बसला म्हणजे आणलेला नाही."

"मग काय हवा खायला आलाय तो?"

"तूच म्हणालीस, नको."

"ते मंगळवारी. बुधवारी मी म्हणाले, ने. तू ऐकतोस कधी माझं?"

"तुझ्या घोरण्यातून काही ऐकू आलं तर ऐकीन ना."

वकील ताडकन उठला. मी कोट धरून त्याला खाली बसवलं. म्हटलं, "बसा. नवरा-बायकोच्या भांडणात वकील इतक्यात नको."

तेरा मिनिटांनी शिक्का उमटल्याचा आवाज आला. शेऱ्यात साहेबानं लिहिलं होतं: 'विवाह खरा आहे. पुढील चौकशीची आवश्यकता नाही.'

तेव्हापासून लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात. तुम्हीही त्याचसाठी इथवर वाचलं असणार. तर शेजारी बसलेल्या आपल्या माणसाला आत्ता विचारा, आपली पहिली भेट कुठे झाली. उत्तर जुळलं नाही, तर निर्धास्त जा. जुळलं, तर वकील न्या.

त्या दिवशी कार्यालयाचा जिना उतरताना जावयानं खिशातून तो रेघ ओढलेला कागद काढला आणि मला विचारलं, "पण आई, मग वकील आत न्यायला हवा होता की नको?"

मी म्हटलं, "जावईबापू, जन्मात तुम्ही एकच गोष्ट स्वतः ठरवलीत, ती म्हणजे हे लग्न. आणि तीसुद्धा खरी की खोटी, हे सरकारला विचारावं लागलं."