विलंबाचे कारण

शेवटच्या साध्या दिवशी, म्हणजे एका मंगळवारी, बाबांनी फोन करून कळवले की नवे अपडेट घेतल्यापासून आपला चहा पिऊन होतो तरी कॉम्प्युटर उघडत नाही. मी त्यांना कंपनीकडे तक्रार करायला सांगितले. त्यांनी ती केली, क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि बुधवारी पहाटे झोपेतच गेले.

तक्रार मात्र जिवंत राहिली. नियमानुसार ती तीस दिवसांत मिटली नाही, तर कॉम्प्युटर आपोआप पुसून कोरा केला जातो. कोरा झाल्यावर तो झटपट चालतो आणि तक्रारीला जागाच उरत नाही. आईची नजर अधू झाल्यापासून बाबा तिच्यासाठी कादंबऱ्या मोठ्याने वाचून त्यात साठवत. तो आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता.

"एवढं वाचव गं," आई म्हणाली.

मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला फोन लावला. तक्रार फक्त तक्रारदारच मागे घेऊ शकतो, असे त्याने सांगितले. तक्रारदार वारले, असे मी सांगितले. त्याने खेद व्यक्त केला आणि ते पुन्हा केव्हा उपलब्ध होतील, याची चौकशी केली. मृत्यूचा दाखला पाठवायचे ठरले; पण तो तक्रारग्रस्त कॉम्प्युटरवरूनच पाठवणे बंधनकारक होते. त्या मंद कॉम्प्युटरवरून तो जायला नऊ दिवस लागले. आई रोज कॉम्प्युटरपाशी येऊन विचारायची, कुठवर पोचला गं? जणू कुणी गाडीने निघाले होते. दहाव्या दिवशी उत्तर आले: दाखल्यावर तक्रारदाराची सही नाही.

बऱ्याच पत्रव्यवहारानंतर मला तक्रारीची अधिकृत वारस घोषित करण्यात आले. एकोणतिसाव्या दिवशी अधिकाऱ्याचा फोन आला. आता एकच रकाना उरला होता; तो भरला की आवाज सुरक्षित. रकान्याचे नाव होते 'अडचण घरच्या घरी न सुटण्याचे कारण'.

"वीज नव्हती, असं टाकू?"

"होती."

"जवळचं कुणी राहत नव्हतं?"

"मी दोन गल्ल्या सोडून राहते."

"मग 'घरच्यांना वेळ नव्हता' टाकतो," तो समजुतीने म्हणाला. "सगळे तेच टाकतात. माझ्या वडिलांच्या वेळी मीही तेच टाकलं."

आई शेजारी बसून ऐकत होती.

"वेळ होता," मी त्याला म्हटले आणि कॉम्प्युटरकडे वळले. "बाबा, त्या मंगळवारी मला यायचा कंटाळा आला होता."