चौसष्टावा शेंडा

हर्बर्ट काका मंगळवारी सकाळी गेले, आणि ते ऐकल्यावर सिरिल हॅलिवेलच्या मनात पहिला विचार आला तो संडासाचा.

यात काकांचा अपमान करायचा त्याचा हेतू नव्हता. काका त्याच्या बायकोचे, डोरीनचे. त्यांच्या मागे राहिलेल्या बायकोची, म्युरिएल मावशीची, खोली इतकी लहान की तिथे एका वेळी दोन माणसांनी रडणंही कठीण. म्हणजे दफनानंतरचा चहा आणि उकडलेलं हॅम सिरिलच्याच घरी होणार, तीसेक माणसं येणार, चहा पिणार. आणि चहा प्यायलेला माणूस शेवटी कुठे जातो, हे सिरिलला पक्कं ठाऊक होतं.

हॅलिवेलांच्या घरी दोन संडास होते. एक वरच्या मजल्यावर, नव्या न्हाणीघरात. दुसरा जुना, परसात, विटांचा. न्हाणीघर आल्यापासून सहा वर्षांत परसातल्या संडासात कुणी माणूस बसला नव्हता. ऑक्टोबर ते एप्रिल तिथे सिरिलचं फ्युशियाचं झाड राहायचं. फ्युशिया म्हणजे उन्हाळाभर कानातल्या डुलांसारखी फुलं लोंबवत मिरवणार आणि थंडीची चाहूल लागली की मान टाकणार. उघड्यावर ठेवलं तर गारठून मरतं, घरात शेगडीपाशी ठेवलं तर भर जानेवारीत वेडी कोवळी पानं काढून मरतं. त्याला लागतं ते ना ऊन ना गारवा असं काहीतरी, आणि ब्रॅकनशॉ गावात असं हवामान फक्त परसातल्या संडासात मिळत असे. नळ गोठू नये म्हणून तिथे रॉकेलची एक चिमणी रात्रंदिवस तेवत असायची. दाराला कुलूप होतं. किल्ली सिरिलच्या गळ्यात, गंजीफ्रॉकच्या आत.

झाड साधंसुधं नव्हतं. बियांपासून सिरिलने स्वतः वाढवलेलं, जगात एकच. बाहेरची पाकळी दुधासारखी, आतला घेर पिकल्या जांभळाचा. या ऑगस्टच्या प्रदर्शनात त्याला नाव मिळणार होतं: ‘डोरीन हॅलिवेल’. फ्युशिया मंडळाचे अध्यक्ष अर्नेस्ट टॅटर्सल यांनी आपल्या बायकोच्या नावाचं फूल अकरा वर्षांपूर्वीच करून घेतलं होतं, आणि तेव्हापासून विनिफ्रेड टॅटर्सल भेटली की हवापाण्याच्या आधी विचारायची, “काय गं डोरीन, तुझ्या नावाचं काही निघालं का? नाही? बरं बरं.”

“मला झाड नको,” डोरीन घरी येऊन म्हणायची, “मला तिच्या तोंडात मारायला काहीतरी दे.”

सिरिल ते देणारच होता. फक्त मंडळाचा नियम असा, की बक्षिसाला एक कुंडी पुरे, पण नवीन फुलाला नाव हवं तर एकसारखी तीन झाडं दाखवा. एखाद्याच झाडाचा लहरीपणा म्हणजे काही जात नव्हे. इतकी वर्षं चोरीच्या भीतीने सिरिलने दुसरं झाड केलंच नव्हतं. आता मार्चअखेर फुटवे जोरात होते. रविवारी तीन शेंडे खुडायचे, वाळूत खोचायचे, ऑगस्टपर्यंत तीन कुंड्या तयार. रोज संध्याकाळी तो शेंडे मोजायचा. सोमवारी चौसष्ट भरले. मंगळवारी त्रेसष्ट. “वय झालं,” तो स्वतःशी म्हणाला.

चोरीची भीती खोटी नव्हती. ब्रॅकनशॉत लहान पोरालाही माहीत होतं, की मागून आणलेली फांदी रुजत नाही, आभार मानून आणलेली तर तिसऱ्या दिवशी कुजते, आणि चोरलेली हमखास मूळ धरते. त्यामुळे सभ्य माणसं एकमेकांकडे फांदी कधी मागत नसत.

शुक्रवारी दफन झालं. जिवंतपणी हर्बर्ट काकांना रस्त्यात पाहिलं की लोक समोरच्या दुकानात शिरायचे. तरी चहाला सिरिल सोडून मंडळाचे नऊच्या नऊ सभासद हजर होते, काळ्या कपड्यांत, आणि प्रत्येकाच्या हातात घडी केलेला मोठा रुमाल.

“काकांवर एवढं प्रेम?” सिरिलने दारातच टॅटर्सलला विचारलं.

“मृत्यू बाबा, माणसाला हलवतो,” टॅटर्सल परसाच्या दिशेने बघत म्हणाला.

स्मशानातून परतल्यावर पहिला कप रिकामा करून म्युरिएल मावशी वर न्हाणीघरात गेली. आत जाताना तिथली नवी कडी तिने अशी काही दामटून लावली, की कडीने तिथेच शेवटचा श्वास घेतला.

“डोरीन,” वरून आवाज आला, “मी अडकले गं.”

मंडळाचा सभासद आणि गावचा सुतार क्रॅबट्री तिथेच हॅम खात उभा होता. तो जागचा न हलता म्हणाला, “दोन तासांचं काम आहे.”

“तू बघितलंही नाहीस!”

“बघितलं तर अडीच.”

म्युरिएल मावशी समजूतदार बाई. तिने टबाच्या काठावर बैठक मारली आणि काही खायला मिळेल का, एवढंच विचारलं. हॅम पातळ कापलेलं होतं म्हणून बरं. डोरीनने एकेक काप कागदावर ठेवून दाराखालून आत सरकवला. चहा काही दाराखालून जाईना.

इकडे खाली तीस माणसांचा चहा आपल्या मार्गाने निघाला होता. पाद्री लिथगो साहेबांनी, तेही मंडळाचे सभासद, आधी एक पाय बदलला, मग दुसरा. मग सिरिलला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, “सिरिल, परसात एक... खोली आहे, असं ऐकतो.”

“तिथे माणूस जात नाही, साहेब.”

“सिरिल,” डोरीन जिन्यावरून कडाडली, “पाद्रीसाहेबांना त्रास देऊ नकोस! गळ्यातली किल्ली काढ!”

आता मयताच्या घरी, भर चहात, देवाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? सिरिलने शर्टाची दोन बटणं सोडून किल्ली काढली. कुलूप उघडलं आणि दारापाशी पहारा देत उभा राहिला. आतून कडी लागली. मग ‘कट्’ असा बारीक आवाज आला.

“काय झालं, साहेब?”

“गुडघा,” आतून उत्तर आलं.

पाद्रीसाहेब बाहेर आले. चेहऱ्यावर मोठी शांती, काखेत प्रार्थनेचं पुस्तक, आणि पुस्तक थोडं फुगलेलं.

“हात दाखवा,” सिरिल म्हणाला.

“काय म्हणालास?”

“म्हणजे... साबण आहे का विचारत होतो.”

पाद्रीसाहेबांनी दोन्ही हात उताणे करून दाखवले. ते रिकामे होते. पुस्तक उघडून दाखवा म्हणायची सिरिलची छाती झाली नाही.

मग रांगच लागली. टॅटर्सल टोपी हातात धरून आत गेला आणि डोक्यात घालून बाहेर आला. बाकीचे कोरडा रुमाल घेऊन आत जात आणि ओलाचिंब घेऊन बाहेर येत. “काकांची आठवण आली,” जो तो डोळे टिपत सांगे, आणि रुमाल अगदी अलगद, दुधाची पिशवी ठेवावी तसा, खिशात ठेवे. सिरिल खरोखर हेलावला. हर्बर्ट काकांसारख्या माणसासाठी संडासात जाऊन एकांतात रडणारी माणसं या गावात आहेत, याची त्याला कल्पना नव्हती.

मध्येच त्याने आत डोकावून शेंडे मोजायचा प्रयत्न केला. “सिरिल, लेका,” मागून ओरड झाली, “झाडं मोजायची ही वेळ आहे का? पुढे हो!” शेवटचा गेला तो सुतार क्रॅबट्री. देह अगडबंब, गुडघे लांब. पायांना जागा व्हावी म्हणून त्याने पेटती चिमणी उचलून कुंडीला चिकटून ठेवली. बाहेर येऊन मग तो वर गेला आणि न्हाणीघराची कडी दीड मिनिटात उघडून दिली.

रात्री थकलेल्या सिरिलने अंधारातच कुलूप लावलं. सकाळी उघडलं तेव्हा मोजायला काही उरलं नव्हतं. चिमणीने रात्रभर कुंडी उकडली होती. खोड तपकिरी झालं होतं, शेंडे काळे पडून लोंबत होते, आणि संडासभर पालेभाजी लागल्याचा वास होता.

सिरिल तिथेच फळीवर बसला. सहा वर्षांत तिथे एवढा वेळ बसणारा घरचा तो पहिलाच माणूस.

गावात बातमी पसरली. मंडळाचे सभासद एकेक करून भेटायला आले, केक घेऊन. हर्बर्ट काकांच्या वेळी केक कुणी आणला नव्हता. कुणी सिरिलच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. “फार वाईट झालं,” टॅटर्सल बुटांकडे बघत म्हणाला, “तुझं काही... मागे नाही ना राहिलं?”

“काही नाही. मी फुलं सोडली, अर्नेस्ट. आता कांदे लावणार. यंदा प्रदर्शनालाही येणार नाही.”

“छे छे, असं कसं,” टॅटर्सल म्हणाला. पण निघताना त्याची चाल हलकी झाली होती.

ऑगस्टमध्ये प्रदर्शनाच्या दिवशी सिरिल कांद्यांपाशी उभा होता, तर डोरीन नवी हॅट घालून दारात.

“चल.”

“मी येत नाही, सांगितलंय सगळ्यांना.”

“म्हणूनच चल.”

चर्चच्या सभागृहात ‘नवीन, बिननावाचं फूल’ या टेबलापाशी गर्दी होती, पण कुणी बोलत नव्हतं. टेबलावर दहा कुंड्या. दहाही कुंड्यांत दुधी पाकळी, आत पिकल्या जांभळाचा घेर. मंडळाचे नऊ सभासद एकमेकांकडे अशा नजरेने बघत होते, जशी एकाच खिडकीत चढताना भेटलेली नऊ माणसं बघतील. प्रत्येकाला वाटलं होतं, चोर आपण एकटेच. आणि आता दारात सिरिल.

परीक्षक मिस्टर स्नेल बाहेरगावचे होते. त्यांनी चष्मा पुसला. “नियम तीन झाडांचा आहे. इथे दहा आहेत. इतकी एकनिष्ठ जात मी आयुष्यात पाहिली नाही. पण झाडं दहा जणांची कशी? मूळ कुणाचं?”

सगळे छताकडे बघू लागले. स्नेलसाहेबांनी अर्ज उचलले. ‘झाड कुठून मिळाले’ या रकान्यात टॅटर्सलने लिहिलं होतं, ‘दीर्घ संशोधनातून’. क्रॅबट्रीने लिहिलं होतं, ‘आढळले’. पाद्रीसाहेबांनी लिहिलं होतं, ‘ईश्वराची कृपा’.

“ही कृपा,” स्नेलसाहेबांनी विचारलं, “नेमकी कुठे झाली?”

पाद्रीसाहेब लाल झाले. खोटं बोलावं, तर समोर निम्मी मंडळी रविवारी चर्चला येणारी होती. त्यांनी डोळे मिटले.

“सिरिलच्या संडासात.”

स्नेलसाहेब क्रॅबट्रीकडे वळले.

“आणि तुमचं?”

“तिथेच,” क्रॅबट्री पुटपुटला.

“तुमचं, अध्यक्ष?”

टॅटर्सलने उगीचच टोपी काढली, परत घातली. “मीही... त्याच बाजूला गेलो होतो.”

“अर्नेस्ट!” विनिफ्रेड किंचाळली. “मयताच्या दिवशी?”

नवांचं झालं. उरली दहावी कुंडी. सगळ्यांत उंच, सगळ्यांत डवरलेली. तिच्यामागे काळ्या कपड्यांत म्युरिएल मावशी बसली होती.

“मावशी, तुम्ही?” सिरिल थक्क झाला. “पण तुम्ही तर तेव्हा वर अडकला होतात!”

“मी कुठे काय केलं? मला दिलं, मी पाणी घातलं.”

“कुणी दिलं?”

डोरीनने घसा साफ केला. “सोमवारी चौसष्ट होते ना रे?”

सिरिल बोटांवर मोजू लागला.

“मंगळवारी सकाळी तू झोपेत होतास, किल्ली गळ्यात होती. काढली, घेतला एक शेंडा, परत अडकवली. माझ्या नावाचं झाड, माझ्या हातात एकदाही आलं नव्हतं. घरी ठेवलं तर तुला कळलं असतं, म्हणून मावशीकडे ठेवलं.”

“आणि मोठं झाड मेलं तेव्हा मी आठवडाभर जेवलो नाही! सांगायचंस तरी!”

“सांगितलं असतं तर तू मावशीलाही कुलूप लावलं असतंस.”

ते खरं होतं.

स्नेलसाहेबांनी मूळ मालक म्हणून सिरिल हॅलिवेलचं नाव लिहिलं, पुढे ‘स्थळ: परसदार’ अशी सभ्य नोंद केली, आणि लेखणी रोखून विचारलं, “नाव?”

“डोरीन हॅलिवेल,” सिरिल म्हणाला. इतक्या मोठ्याने, की बाहेर रस्त्यावरही ऐकू गेलं असावं.

डोरीन सावकाश चालत विनिफ्रेडपाशी गेली. “काय गं,” ती म्हणाली, “तुझं फूल अजून तेवढंच आहे का? बरं बरं.”

मग सगळे सभासद सिरिलभोवती जमले. जो तो आपली कुंडी पुढे करत होता. “घे रे, तुझंच आहे.” “माझं घे, माझं जोमदार आहे.” सिरिलने सगळ्यांना हात जोडले.

“दिलेलं रुजत नाही,” तो म्हणाला.

मग पाद्रीसाहेबांना समोरच्या भिंतीवरचं घड्याळ एकाएकी फार बघण्यासारखं वाटलं. क्रॅबट्रीने पाठ फिरवून दाराची बिजागरी तपासायला घेतली. टॅटर्सल बुटाची नाडी बांधायला वाकला. डोरीन हॅमच्या सँडविचांकडे तोंड करून उभी राहिली. म्युरिएल मावशीच्या कुंडीपाशी ‘कट्’ असा बारीक आवाज झाला.

“झालं का?” डोरीनने न वळता विचारलं.

“कशाचं काय?” म्हणत सिरिलने टोपी फार जपून डोक्यावर ठेवली.

ती त्याने मग सभा संपेपर्यंत काढली नाही, बक्षीस घेतानाही नाही, शेवटच्या प्रार्थनेलाही नाही. पाद्रीसाहेबांना ते दिसलं. त्यांनी प्रार्थना एका कडव्याने कमी केली, शेंडा सुकायच्या आत माणूस घरी पोचावा म्हणून.